मगर मागनं आली

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. हिरवा रंग उडालेली, कडीला तार बांधलेली. माझे थोरले चुलते पलटणीतून परत आले तेव्हा ती डोक्यावर घेऊन पौडापासून चालत आले होते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, गाव मिलिटरी तात्या म्हणायचं. त्या ट्रंकेत त्यांची एक वही होती. तिच्यातलं एक वाक्य मी सोळाव्या वर्षी चुकीचं वाचलं. ती चूक मला साठीच्या जवळ आल्यावर कळली. मधली चाळीस वर्षं ती चूक गावात हिंडत होती. आज तिच्याबद्दल लिहायला बसलोय. तात्यांचं शौर्य सांगण्यासाठी नाही, ते सांगणारे दुसरे आहेत. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. नकळत झालेली चूक ही चूक असते का? आणि असली, तर ती कुणी आणि कशी फेडायची?

तात्या चौथी शिकलेले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते, जिला जंगी पलटण म्हणतात. आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४३ साली ते इटलीत उतरले आणि लढाई संपेपर्यंत तिथंच राहिले. आमच्या मुळशी-मावळातून आणि घाटाखालच्या कोकणातून त्या काळी पुष्कळ पोरं पलटणीत गेली. ताम्हिणी उतरून माणगावाला गेलं की यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी, इटलीतच, सगळी तुकडी पडल्यावर हा गडी एकटा मशीनगनवर चालून गेला आणि मेला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तात्या मला लहानपणी माणगावाच्या बाजाराला न्यायचे तेव्हा त्यांचं नाव निघालं की टोपी काढायचे. स्वतःबद्दल मात्र बोलायचे नाहीत. तोफांनी कान बसलेले. पाठीवर, मानेच्या खालपासून उजव्या खांद्यापर्यंत भाजल्याचा मोठा डाग. कातडी चुरगाळलेल्या कागदासारखी झालेली. आंघोळीला बसले की आम्ही पोरं टक लावून बघायचो. विचारायचं धाडस कुणाला नव्हतं.

१९७६ साली मी दहावी पास झालो. आमच्या घरातला पहिलाच. अक्षर चांगलं होतं. शाळेतले गुरुजी म्हणाले, "पंधरा ऑगस्टला तात्यांची आठवण वाचून दाखवू. त्यांच्याकडं वही आहे म्हणतात. दोन पानं साफ लिहून आण." मी तात्यांकडून वही मागून घेतली. त्यांनी काही न बोलता काढून दिली आणि ओसरीवर जाऊन सुतळी वळत बसले.

वही पेन्सिलीनं लिहिलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. बोलतात तसं लिहिलेलं. मी सेन्यो नदीच्या लढाईची दोन पानं निवडली, कारण त्यांत सगळ्यात जास्त धुमश्चक्री होती. त्यात हे वाक्य होतं:

"आमी बांदाच्या अल्याड पडून व्हतो मगर मागनं आली आग टाकली माजी पाट भाजली"

आता मी दहावी पास. शाळेत हिंदी शिकलेला. मगर म्हणजे 'पण', हे मला ठाऊक. फौजेतला माणूस बोलताना हिंदी मिसळणारच, म्हणून मी 'मगर' खोडून 'पण' लिहिलं. मग वाक्य असं झालं: 'आम्ही बांधाच्या अलीकडे पडून होतो, पण मागून आली, आग टाकली.' कोण आली? वाक्याला कर्ताच नाही. व्याकरणात मला चांगले मार्क होते. कर्ता नसलेलं वाक्य मला बघवेना. मी कर्ता घातला. 'पण मागून शत्रू आला, त्याने आग टाकली आणि माझी पाठ भाजली.'

वाक्य आता झकास दिसत होतं. अर्थ लागत होता. चुकीच्या वाचनातला खरा धोका इथंच असतो, हे मला आता कळतं. अर्थ लागला नसता तर मी अडलो असतो, कुणाला तरी विचारलं असतं. अर्थ लागला म्हणून पुढं गेलो.

पंधरा ऑगस्टला मी ते खणखणीत आवाजात वाचलं. तात्या पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, छातीला पदकं. टाळ्या झाल्या. नंतर चहाच्या वेळी गावातला एक वजनदार माणूस हसत म्हणाला, "शत्रू मागनं कसा येतो रं? तोंड फिरवलं की शत्रू मागंच येतो." दोघंतिघं हसले. बस, एवढंच. पण गावात असं एक वाक्य पुरतं. पुढं कुणाशी बांधावरून भांडण झालं, ग्रामपंचायतीत कुणाची बाजू घेतली, की मागून कुणीतरी पुटपुटायचं, "पाठीवर आग घेतलेली माणसं." तात्यांचा डाग सगळ्यांनी पाहिलेला. डाग पाठीवर होता हे खरं. म्हणजे ते पळत होते, हे आपोआप खरं झालं. आणि पुरावा कुणी दिला? माझ्या सुवाच्य अक्षरानं.

मला वाईट वाटायचं, पण खरं सांगतो, मनातून मीही ते मानलं होतं. घाबरला असेल बिचारा, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. मी त्यांना मनातल्या मनात क्षमा करून टाकली होती. ज्यानं गुन्हा केला नाही त्याला क्षमा करणं हा किती मोठा अपमान आहे, हे तेव्हा कळलं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. आमच्याकडं उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, कवळं पसरून वरनं माती टाकायची आणि वारा बघून पेटवायचं. सगळं घर त्या कामाला असतं. तात्या सगळी कामं करायचे, चिखलणी, लावणी, भाऱ्यांची वाहणूक. पण राब भाजायच्या दिवशी ते पहाटेच गुरं घेऊन डोंगराला जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. लोक म्हणायचे, आगीला भ्यालेला माणूस. मीही तेच समजायचो.

तात्या १९८९ साली गेले.

२०१७ च्या उन्हाळ्यात घराची कौलं उतरवली. ट्रंक खाली आली. मी आता रिकामा होतो, शेती पोरगा बघत होता. पडवीत बसून मी ती वही पहिल्यांदा पूर्ण वाचली. पहिल्यांदा, हे नीट ध्यानात घ्या. सव्वीस पानांची वही, घरात पडून होती, आणि मी दोन पानांच्या पुढं गेलोच नव्हतो. त्या दोन पानांच्या तीन पानं आधी लिहिलेलं होतं:

"जमादार सायब बोलले मगर येनार हाय भिऊ नका आपलीच हाय मगरीला शेपूट चाकाची तोंडातनं गोळा पोटातनं आग गांदीलमाश्या बी येनार"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मगरीला शेपूट. म्हणजे ही मगर 'पण' नव्हती, खरोखरची मगर होती. तेव्हा आधी वाटलं, तात्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता की काय. इटलीत मगरी कुठून येणार? आणि गांधीलमाश्या? मग 'तोंडातनं गोळा' यावर अडलो. गोळा टाकणारी मगर म्हणजे रणगाडाच असणार. पण असल्या नावाचा रणगाडा मी कधी ऐकला नव्हता. आम्हाला ठाऊक पॅटन, शर्मन, सेंच्युरियन. तेही पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांमुळं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नातवंडांना घेऊन नगरला गेलो. (आता अहिल्यानगर म्हणायचं. नावांचं असं असतं.) तिथं चिलखती दलाचं केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे. वही मी पिशवीत घेतली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या चर्चिल रणगाड्यापाशी एक वयस्कर गृहस्थ भेटले, चिलखती दलातून निवृत्त झालेले, पुतण्याला सगळं समजावत होते. मी भीत भीत विचारलं, "साहेब, मगर नावाचा रणगाडा असतो का?"

ते हसले. मग वही घेतली, वाचली, आणि हसू थांबलं. त्या चर्चिलकडं बोट करून म्हणाले, "हीच. ह्याचीच मगर करायचे. इंग्रज तिला क्रोकोडाईल म्हणायचे."

त्यांनी सांगितलं ते असं. चर्चिल रणगाड्याच्या पुढच्या अंगाला, खाली, एक मशीनगन असायची. ती काढून तिथं आगीचा फवारा मारणारी नळी बसवायची. वरची तोफ तशीच राहायची. म्हणजे तोंडातून गोळा आणि पोटातून आग. फवाऱ्याचं जळाऊ तेल ठेवायला मागं दोन चाकांची चिलखती गाडी जोडलेली, साडेसहा टनांची, तिच्यात ४०० गॅलन तेल. आपल्या मापानं अठराशे लिटर. ती शेपटी. शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत आग जायची, आणि ते तेल चिकट असल्यामुळं जिथं पडेल तिथं चिकटून जळायचं. तसाच फवारा लहान, हलक्या गाड्यांवर बसवला की त्यांना वास्प म्हणायचे. वास्प म्हणजे गांधीलमाशी.

वहीतला शब्द न् शब्द खरा होता. जमादारानं इंग्रजी नावाचं हिंदुस्तानी केलं, तात्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. मी तेवढा शहाणा निघालो.

सेन्यो नदीची लढाई ९ एप्रिल १९४५ ची. त्या नदीला दोन्ही बाजूंनी पुराचे उंच मातीचे बांध होते, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळं करून मशीनगनी बसवल्या होत्या. दुपारी आधी विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफखाना सुरू झाला, आणि संध्याकाळी मगरी आणि गांधीलमाश्या पुढं येऊन बांधावर आग ओकू लागल्या. त्यांच्या पाठोपाठ पायदळानं नदीत उड्या टाकल्या. त्याच संध्याकाळी तात्यांच्याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून उचलून आणलं आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे.

म्हणजे तात्या बांधाच्या अलीकडं, तोंड शत्रूकडं करून, पालथे पडले होते. मगर मागून येणारच, कारण ती आपलीच होती. तिच्या फवाऱ्यातला एक जळता गोळा अलीकडं पडला आणि पाठीला चिकटला. तोंड फिरवलं असतं तर छाती भाजली असती.

परतीच्या वाटेवर मी गाडीत फार खुशीत होतो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "बघ, तात्या पळाले नव्हते." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि पळाले असते तर? तर काय डाग कमी दुखला असता?"

तिथं माझी खुशी उतरली. मी काय सिद्ध करायला निघालो होतो? तात्या शूर होते हे? ज्या माणसानं चिडवलं, त्याचाच तराजू मी हातात घेतला होता, फक्त पारडं दुसरं होतं.

मी पुन्हा वही उघडली. मगरीच्या वाक्यानंतर दोन ओळी होत्या. साफ लिहिताना त्या मी गाळल्या होत्या, कारण पंधरा ऑगस्टला त्या बऱ्या दिसल्या नसत्या. तात्यांनी लिहिलं होतं की बिळातली माणसं कशी बाहेर आली ते लिहवत नाही, आणि तीही कुणाची तरी पोरं होती. मग मला राबाचा दिवस समजला. तात्या स्वतःच्या पाठीला भीत नव्हते. अंगावर पडला तो त्या आगीचा एक थेंब होता. सगळी आग कुणावर पडली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ती आपल्या बाजूची होती. माझ्या दुरुस्तीत 'शत्रूनं आग टाकली' झालं. आग आपण टाकली होती. कर्ता बदलला की पापही दुसऱ्याच्या खात्यावर जातं.

नावांबद्दल एक कळलं ते सांगतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ही गाडी पहिल्यांदा बनवली, तेव्हा कुणाला कळू नये म्हणून कामगारांना सांगितलं की या पाण्याच्या टाक्या आहेत. म्हणून तिचं नाव टँक पडलं. आणि तो टँक शब्दही आपल्या इकडच्या टाक्यावरून, पोर्तुगीज शब्दाच्या संगतीनं इंग्रजीत गेला, असं कोशकार सांगतात. आमच्या तिकोन्यावर, कोराईगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत, गार पाण्याची. त्या पाण्याचं नाव माणसं मारायच्या यंत्राला गेलं, ते लपवण्यासाठी. म्हणजे साऱ्या जगानं घेतलेलं नाव खोटं, आणि माझ्या चौथी पास चुलत्यानं लिहिलेली मगर खरी. ती काय करते ते नावातच दिसतं. आणि मी नेमकं तेच नाव खोडलं.

आता माझा प्रश्न. मला ठाऊक नव्हतं, मग माझा काय दोष?

आमच्याकडं भातखाचराच्या बांधाला खेकडे बिळं पाडतात. माझ्या बांधातल्या बिळातून रात्रीत पाणी निघून जातं आणि खालच्याची लावणी वाहते किंवा बाजूच्याचं खाचर कोरडं पडतं. बीळ मी पाडलेलं नसतं, मला ठाऊकही नसतं. तरी सकाळी कुणी हाक मारली, तर 'मी काय केलं?' म्हणून घरात बसत नाही. फावडं घेऊन जायचं, बीळ बुजवायचं, आणि त्याच्या लावणीला दोन माणसं द्यायची. यात अपराध कुणाचा हे कुणी विचारत नाही. बांध माझा, एवढं पुरतं. दोष नसला तरी भरपाई असते, हे शेतकऱ्याला कुठल्या पोथीतून शिकावं लागत नाही.

पण माझं प्रकरण खेकड्याच्या बिळाइतकंही निर्दोष नव्हतं. मगर म्हणजे काय, हे मला कळलं नाही, यात दोष नाही. सोळा वर्षांच्या पोराला ब्रिटिश रणगाड्यांची नावं कुठून ठाऊक असणार? पण ज्यानं ते लिहिलं तो माणूस पंधरा हातांवर ओसरीत सुतळी वळत बसला होता. उठून जाऊन, त्यांच्या कानाशी मोठ्यानं 'तात्या, मगर म्हणजे?' एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलंच नाही की त्यांना विचारण्यासारखं काही आहे. मी दहावी, ते चौथी. चूक तिथं आहे. न कळणं हा दोष नाही, पण जो तिथं होता त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं असं धरून चालणं हा दोष आहे. आज मोठमोठी शिकलेली माणसं आमच्या शेतावर येऊन आमचंच बोलणं दुरुस्त करून लिहून नेतात, तेव्हा मी रागावत नाही. मला माझी ती साफ लिहिलेली पानं आठवतात.

मग भरपाई काय करायची? चिडवणारा माणूस केव्हाच गेला. हसणारेही गेले. तात्या तर नाहीतच. उरल्या होत्या आमच्या काकी, तात्यांच्या मंडळी. तेव्हा सत्त्याऐंशीच्या. दिसायचं कमी, पण डोकं शाबूत. मी त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं, माझी चूक, नगरची मगर, सगळं. मला वाटलं रडतील.

काकी म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. त्यांनी मला लगीन झाल्यावरच सांगितलं व्हतं मगरीचं."

"मग काकी, मी वाचलेलं चुकीचं होतं, हे तात्यांना कळलं होतं?"

"त्यांनी तुजा कागद घरी आणून वाचला ना. मला म्हनले, पोरानं मगर खोडली. म्या म्हनलं, सांगा त्याला. तर म्हनले, गावाम्होरं वाचलंय, टाळ्या मिळाल्यात, आता सांगितलं तर पोराचं नाक जाईल. दहावी झालाय. ऱ्हाऊ दे."

"आणि लोक बोलत होते ते?"

"ते बी ठावं व्हतं."

"तुम्ही तरी मला सांगायचं. इतकी वर्षं."

"तू इचारलं कुठं?"

यावर मला बोलता आलं नाही. तेरा वर्षं, मरेपर्यंत, त्या माणसानं भित्रेपणाचा शिक्का घेतला, कशासाठी, तर एका पोराचं नाक राहावं म्हणून. मी ज्याला मनातल्या मनात क्षमा करत होतो, तो मला खरोखरची क्षमा करून बसला होता. आणि तरीही मला वाटतं, तात्यांनी सांगायला हवं होतं. त्यांच्या न बोलण्यानं माझं नाक राहिलं, पण चूकही राहिली. मोठ्यांच्या मायेनं लहानांचं अज्ञान पोसलं जातं, हेही खरं. मात्र हे त्यांना सांगायला ते नाहीत, म्हणून ते मी स्वतःला सांगतो, आणि नातवंडं चुकली की लगेच सांगतो.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मी शाळेत जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं, तात्यांनी लिहिलं तसं. गाळलेल्या दोन ओळींसकट. कशी चूक केली तेही सांगितलं. गावाला त्यात फारसं काही वाटलं नाही, जुनी माणसं राहिली नव्हती. एका पोरीनं विचारलं, "आजोबा, मग त्या बिळातल्या लोकांची नावं काय होती?" मला सांगता आलं नाही. पण प्रश्न बरोबर होता, आणि तिनं तो विचारला, हे मला बरं वाटलं.

वही आता मी जशीच्या तशी उतरवून काढतोय. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाही. स्वल्पविराम घालत नाही. जिथं शब्द कळत नाही तिथं तो कोरून लिहितो आणि समासात फुली मारतो. अजून अकरा फुल्या आहेत. विचारायला तात्या नाहीत, काकीही गेल्या वर्षी गेल्या. कुणाला त्या पलटणीतलं काही ठाऊक असेल, तर माझ्या पडवीत चहा आहे.